तीन मुली

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला दालनाच्या संग्रहात एक तैलचित्र आहे. आकाराने ते फार मोठे नाही. त्याची मोठी बाजूही मीटरभरच आहे. त्यात तीन मुली एकमेकींच्या निकट बसलेल्या दाखविल्या आहेत. त्यांच्या मागे ना खिडकी, ना पडदा, ना झाड. अंगावर साधे कपडे व ओढण्या आहेत. कोणी हसत नाही, कोणी बोलत नाही. एकीचे अंग दुसरीस लागेल इतक्या त्या जवळ आहेत. पण एकीचीही दृष्टी दुसरीकडे वळलेली नाही, आणि चित्र पाहणाराकडेही त्यांपैकी कोणी पाहत नाही. त्या कशाची तरी वाट पाहत असाव्यात, असे वाटते. ती वाट कशाची, हे मात्र चित्र सांगत नाही.

या चित्राचे नाव ‘तीन मुली’. ते १९३५ साली रंगविले गेले आणि १९३७ साली मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. ज्या चित्रात वरवर पाहता काहीच घडत नाही, त्याचा एवढा गौरव का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर ते रंगविणाऱ्या अमृता शेरगिल या तरुण स्त्रीच्या जीवनाची वाटचाल प्रथम पाहिली पाहिजे.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरी देशाच्या बुडापेस्ट या राजधानीत झाला. तिचे वडील उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातील मजिठिया या प्रतिष्ठित शीख घराण्यातील. संस्कृत व फारसी या भाषांचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि छायाचित्रे घेण्याचा त्यांना विलक्षण छंद होता. आई मारी अंत्वानेत ही हंगेरीची. ती उत्तम गात असे व पियानो वाजवीत असे. अशा रीतीने पूर्व आणि पश्चिम या दोन्ही दिशांच्या संस्कारांत अमृता व तिची धाकटी बहीण इंदिरा या वाढल्या. पहिल्या महायुद्धाचा काळ कुटुंबाने हंगेरीतच काढला. १९२१ साली ते भारतात आले आणि सिमल्यास राहू लागले.

लहानपणापासूनच अमृताच्या हाती पेन्सिल आणि रंग असत. ऐकलेल्या गोष्टींची ती चित्रे काढी. तिचे मामा एर्विन बाक्ताय हे भारतीय विद्येचे अभ्यासक होते व स्वतः चित्रकलाही जाणत होते. ते सिमल्यास आले असता भाचीची रेखाटने त्यांच्या पाहण्यात आली. मनातून चित्रे काढण्याऐवजी जिवंत माणसे समोर बसवून त्यांची चित्रे काढ, असे त्यांनी तिला सुचविले. हा उपदेश अमृताने जन्मभर पाळला. घरचे नोकर, शेजारीपाजारी, बहीण, आईवडील, किंबहुना आरशातील स्वतःची प्रतिमा, जे माणूस समोर येईल त्याचे निरीक्षण करून ते रेखाटण्याचा तिने परिपाठ ठेवला.

१९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, अमृताला घेऊन तिचे आईवडील पॅरिसला गेले. त्या काळी पॅरिस ही चित्रकारांची काशीच होती. प्रथम एका खाजगी कलाशाळेत आणि नंतर एकोल दे बोझार या सुप्रसिद्ध राष्ट्रीय कलाविद्यालयात ल्यूसियाँ सीमाँ या गुरूच्या हाताखाली तिने सुमारे चार वर्षे शिक्षण घेतले. तेथील शिक्षणाची शिस्त कडक होती. माणसाच्या देहाची प्रमाणे, हाडांची व स्नायूंची ठेवण, छाया व प्रकाश यांचा मेळ, कापडाची घडी आणि कातडीची झळाळी या सर्वांचा अभ्यास विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे करावा लागे. अमृता त्यात पारंगत झाली. १९३२ साली तिने ‘तरुण मुली’ या नावाचे एक मोठे चित्र रंगविले. खोलीत दोन मुली बसल्या आहेत; एकीचा पोशाख नीटनेटका आहे, तर दुसरीचे लांबसडक केस मोकळे सुटले आहेत, असे ते दृश्य. त्यातील एका मुलीसाठी बहीण इंदिरा हीच समोर बसली होती. या चित्रास १९३३ साली पॅरिसच्या ‘ग्रां सालों’ या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि त्या संस्थेने अमृताला आपली सहसदस्य म्हणून निवडले. त्या वेळी तिचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

एवढे यश पदरी पडल्यावर दुसरे कोणी असते, तर त्याच वाटेने पुढे चालत राहिले असते. पॅरिसमध्ये तिला कीर्ती मिळाली असती आणि चित्रांना गिऱ्हाईकही मिळाले असते. परंतु अमृताच्या मनात निराळाच विचार घोळू लागला होता. तिच्या चित्रांतील गडद व समृद्ध रंग पाहून तिचे एक अध्यापक म्हणत असत, की या रंगांना खरे स्थान पूर्वेच्या प्रकाशातच लाभेल. तिलाही भारताची ओढ लागली होती. १९३४ साली घरी लिहिलेल्या एका पत्रात तिने अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राची थोरवी युरोपच्या प्रबोधनकाळातील साऱ्या कलेहून अधिक मानली होती. नवल असे, की अजिंठा त्या वेळी तिने प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता! वाक्य तरुण वयातील आवेशाचे होते खरे. पण त्यामागील निश्चय पक्का होता. १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली.

भारतात आल्यावर तिने काय पाहिले? युरोपात प्रवाशांसाठी जी जाहिरातींची चित्रे लावीत, त्यांत भारत म्हणजे झगझगीत ऊन, राजवाडे, हत्ती आणि मोर, असा थाट असे. अमृताला दिसला तो हिवाळ्यातील उत्तर हिंदुस्थान. दूरवर पसरलेली पिवळसर करडी जमीन, कृश देहाची सावळी माणसे, आणि त्यांच्या मुद्रेवरील मूक विषाद. हा देश जाहिरातींतील देशाहून अगदी वेगळा होता. या माणसांची चित्रे काढावयाची, हे तिने ठरविले. मात्र लगेच एक अडचण तिच्या पुढे उभी राहिली.

ती अडचण अशी, की पॅरिसला शिकलेली पद्धत येथे पुरी पडेना. त्या पद्धतीत वस्तू डोळ्यांना जशी दिसते तशी उमटविण्यावर भर होता. रेशमाची चकाकी, गालावरचा प्रकाश, पडद्याची प्रत्येक चुणी, सारे काही हुबेहूब. परंतु माणसाच्या मनातील स्तब्धता चकाकीने कशी दाखवावी? त्या काळी भारतात चित्रकलेच्या दोन वाटा विशेष मळलेल्या होत्या. एक राजा रविवर्मा यांची. त्यांनी युरोपीय तैलरंगांच्या पद्धतीने देवदेवता व पुराणांतील प्रसंग रंगविले होते, आणि त्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी पोचल्या होत्या. दुसरी वाट बंगालमधील अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे शिष्य यांची. ती चित्रे जलरंगांतील, नाजूक रेषेची, धुक्यात बुडाल्यासारखी भासणारी असत. अमृताला या दोहोंपैकी एकही वाट आपली वाटली नाही. तिला आपली वाट स्वतः पाडावी लागली, आणि त्या वाटेवरील पहिले ठळक पाऊल म्हणजे ‘तीन मुली’ हे चित्र होय.

हे चित्र तिने अमृतसर येथे रंगविले. समोर बसलेल्या तिघी तिच्या नात्यातीलच होत्या. आता हे चित्र पुन्हा एकदा नीट पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. ‘तरुण मुली’ या चित्रात कापडाच्या व कातडीच्या असंख्य छटा आहेत. ‘तीन मुली’ या चित्रात तांबडा, नारिंगी, हिरवट, तपकिरी असे मोजकेच रंग आहेत आणि ते मोठमोठ्या सपाट विस्तारांत पसरले आहेत. बारीक चुण्या आणि चकाकी जवळजवळ नाहीतच. पॉल गोगँ नावाच्या एका फ्रेंच चित्रकाराने पॅरिस सोडून दूर ताहिती बेटावर जाऊन तेथील लोकांची चित्रे अशाच सपाट व भरघोस रंगांत काढली होती. त्याच्या चित्रांचा अमृताने बारकाईने विचार केला होता. रंग सपाट झाला, की पाहणाराचे लक्ष कपड्याच्या पोताकडे जात नाही. ते त्या रंगाने मनावर होणाऱ्या परिणामाकडे जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे वगळणे. या मुली कोणत्या घरात बसल्या आहेत, दिवस आहे की संध्याकाळ, त्या श्रीमंत आहेत की गरीब, हे काहीही चित्रात नाही. चित्रकर्त्रीला ते काढता आले नसते असे नव्हे. पॅरिसच्या सुवर्णपदकाने तिचे कौशल्य सिद्धच झाले होते. तिने ते जाणूनबुजून गाळले. बोलताना ज्याप्रमाणे मुद्द्याचे तेवढेच बोलावे आणि पाल्हाळ टाळावा, त्याप्रमाणे तिने येथे मुद्द्याचे तेवढेच रंगविले. कुशल माणसाने कौशल्य आवरून धरणे हे ते दाखविण्यापेक्षाही कठीण असते.

तिसरी गोष्ट म्हणजे मुलींची बैठक व दृष्टी. जवळ असूनही प्रत्येक जण एकटी आहे. त्या काळी मुलीचे शिक्षण किती व्हावे, तिचे लग्न केव्हा व कोणाशी व्हावे, हे बहुधा घरातील वडीलधारी माणसे ठरवीत. मुलीचे मत क्वचितच विचारले जाई. आपल्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्या खोलीत चालला आहे आणि आपण येथे स्वस्थ बसून आहोत, असा भाव या मुद्रांवर अनेकांना दिसतो. चित्रात कोणी रडत नाही, कोणी हात जोडत नाही. अश्रू दाखविले असते, तर पाहणाराने क्षणभर हळहळून पुढची वाट धरली असती. मौन दाखविल्यामुळे तो थांबतो आणि विचार करू लागतो.

या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे आधुनिक चित्रकला कशास म्हणतात, हे उमगू लागते. छायाचित्राचा शोध लागल्यानंतर वस्तूचे बाह्यरूप हुबेहूब टिपण्याचे काम यंत्र करू लागले. तेव्हा चित्रकारांनी स्वतःस विचारले, की कुंचल्याने करावयाचे असे कोणते काम उरले? कोणी रंगांकडे वळले, कोणी आकारांकडे, कोणी मनोभावांकडे. दिसते ते सर्व न काढता, जे जाणवले ते ठसविण्यासाठी आकार व रंग बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांनी घेतले. अमृताच्या घरी तर वडिलांचा कॅमेरा रात्रंदिवस चालूच असे. त्याच घरात तिने कुंचल्याचे वेगळे काम शोधून काढले.

हे नवे वळण सर्वांना रुचले मात्र नाही. १९३५ साली सिमल्याच्या कलाप्रदर्शनात तिने आपली चित्रे पाठविली. निवड करणाऱ्यांनी त्यांतील काही परत केली आणि एका चित्राला पारितोषिक दिले. ज्या चित्रांत आपले खरे मन ओतले ती नाकारली जावीत आणि भलत्याच चित्राचा गौरव व्हावा, हे तिला मानवले नाही. तिने ते पारितोषिक घेण्याचे नाकारले. बावीस वर्षांच्या मुलीचे हे वागणे पुष्कळांना उद्धटपणाचे वाटले असेल. पण आपल्या कामाचे मोल आपण कशाने मोजावयाचे, याविषयी तिच्या मनात संदेह नव्हता.

१९३६ च्या अखेरीस ती चित्रे घेऊन मुंबईस आली. तेथे तिच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि कार्ल खंडालवाला या कलामर्मज्ञ कायदेपंडितांशी तिचा स्नेह जडला. त्यांनी तिच्या कलेचे मर्म ओळखले आणि पुढे तिच्यावर ग्रंथही लिहिला. ‘तीन मुली’ या चित्रास सुवर्णपदक देऊन तिच्या नव्या वाटेवर पसंतीची मोहोर उठविण्याचा मान मुंबई नगरीकडे जातो, ही गोष्ट महाराष्ट्रीयांना अभिमानास्पद आहे.

मुंबईहून ती वेरूळ व अजिंठा येथे गेली. पत्रात जिची एवढी थोरवी गायिली, ती कला आता प्रत्यक्ष तिच्या डोळ्यांसमोर होती. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी गेरू, पिवळी माती, काजळी, चुना अशा साध्या द्रव्यांनी रंगविलेल्या त्या आकृती पाहून ती भारावून गेली. एका वळणदार रेषेत हाताचा सारा डौल कसा येतो, थोड्या रंगांत देहाला भरीवपणा कसा येतो, हे तिने तेथे न्याहाळले. जे आपण अंधारात चाचपडत शोधीत होतो, ते आपल्याच देशातील अनामिक चित्रकारांनी केव्हाच साधले होते, असे तिला आढळून आले. तेथून ती दक्षिणेकडे उतरली. कन्याकुमारीकडील तांबड्या मातीवर शुभ्र वस्त्रे नेसून चालणारे सावळे स्त्रीपुरुष तिने पाहिले; कोचीनजवळ मट्टनचेरी येथील राजवाड्यातील जुनी भित्तिचित्रे पाहिली.

या प्रवासाचे फळ म्हणजे १९३७ सालची तीन मोठी चित्रे: ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणेतील खेडूत’. ‘ब्रह्मचारी’ या चित्रात पाच तरुण शुभ्र वस्त्रे नेसून बसले आहेत. ‘तीन मुली’ या चित्रातील स्तब्धता येथेही आहे. पण रेषेला अजिंठ्याचा डौल आला आहे आणि पांढऱ्या रंगाला एक नवे तेज चढले आहे. पुढे तिने मोगल व पहाडी लघुचित्रांचा अभ्यास केला. त्यामुळे तिच्या चित्रांतील माणसे लहान झाली आणि त्यांच्या भोवतीचे अंगण, झाडे, जनावरे यांनाही स्थान मिळाले. १९३८ साली हंगेरीत डॉ. व्हिक्टर एगान यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढील वर्षी ती दोघे भारतात परतली आणि गोरखपूर जिल्ह्यातील सराया या गावी, शेरगिल घराण्याच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहिली. तेथील खेड्यातील जीवन तिच्या ‘झोपाळा’, ‘वधू’ यांसारख्या चित्रांत उतरले आहे.

नाव झाले, तरी चित्रे फारशी विकली जात नव्हती. लोक स्तुती करीत, पण भिंतीवर टांगण्यासाठी गोड व गुळगुळीत चित्रे पसंत करीत. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगविण्याचे मात्र तिने कधी मनात आणले नाही. १९४१ साली ती पतीसह लाहोर येथे राहावयास गेली. ते शहर तेव्हा अविभक्त भारतात होते. डिसेंबर महिन्यात तेथे तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरावयाचे होते. त्याची तयारी चालू असतानाच ती अकस्मात आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी रात्री तिचा अंत झाला. तिच्या वयाची एकोणतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. घराच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य ती रंगवीत होती; ते चित्र अपुरेच राहिले. ठरलेले प्रदर्शन त्याच महिन्यात भरले, पण त्या वेळी चित्रकर्त्री तेथे नव्हती.

काळाने पुढे तिच्या कामाला न्याय दिला. तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात जतन केलेला आहे. १९७६ साली भारत सरकारने तिच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे भारतातील तिची चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत. १९७८ साली तिच्या ‘पहाडी स्त्रिया’ या चित्राचे टपाल तिकीट निघाले. जिच्या चित्रांना तिच्या हयातीत गिऱ्हाईक मिळणे कठीण होते, तिच्या ‘गोष्ट सांगणारा’ या १९३७ सालच्या चित्रास २०२३ साली लिलावात सुमारे ६१ कोटी ८० लाख रुपये किंमत आली. तोपर्यंत लिलावात एखाद्या भारतीय चित्राला आलेली ती सर्वांत मोठी किंमत होती.

परंतु पैशाने चित्राची किंमत कळते, अर्थ कळत नाही. अर्थ कळण्यासाठी चित्रापुढे थोडा वेळ उभे राहावे लागते. ‘तीन मुली’ हे चित्र तेवढाच वेळ मागते. ज्या मुलींना घरात कोणी काही विचारीत नव्हते, त्यांच्या पुढे एक तरुण चित्रकर्त्री बसली, तिने त्यांच्याकडे मन लावून पाहिले आणि जे दिसले ते कसलीही सजावट न करता आपल्यापुढे ठेवले. त्या तिघी आजही तशाच बसल्या आहेत. त्यांच्या मनात काय चालले असेल, हे विचारण्याची पाळी आता पाहणाराची आहे.